वाळूतली द्राक्षं, सापांच्या वाटा आणि एक कालवा: ओसोयूसचं प्रकरण

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, अमेरिकेच्या सीमेला जवळजवळ टेकून ऑलिव्हर नावाचं छोटं गाव आहे. गावातून काँक्रीटचा एक कालवा जातो. स्थानिक लोक त्याला नुसतं ‘डिच’, म्हणजे चर, म्हणतात. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना शेतजमिनी द्यायच्या म्हणून 1919 नंतर हे काम निघालं. तेव्हाचे प्रांताचे प्रमुख जॉन ऑलिव्हर यांचंच नाव गावाला मिळालं. कोरड्या, वाळूच्या दरीत पाणी आलं, आधी फळबागा उभ्या राहिल्या आणि पुढे द्राक्षबागा. आज हा भाग कॅनडाची वाइन राजधानी म्हणवतो.

हा कालवा खणताना तो एका राखीव जमिनीतून नेला गेला. ती जमीन ओसोयूस इंडियन बँड या आदिवासी समुदायाची. (कॅनडाच्या कायद्यात मूलनिवासींच्या एकेका स्वशासित समुदायाला ‘बँड’ म्हणतात.) सरकारने 1957 मध्ये एक आदेश काढून ती पट्टी प्रांताच्या नावे केली. चाळीसेक वर्षांनी बँडने या पट्टीवर आपला मालमत्ता कर लागू व्हावा अशी मागणी केली, वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर 2001 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: कालव्याखालची जमीन राखीव जमिनीतच मोडते. मूलनिवासींचा हक्क काढून घेणारा आदेश संदिग्ध असेल, तर तो त्यांच्या हक्काला कमीत कमी धक्का लागेल अशाच पद्धतीने वाचायचा. कालव्यासाठी वाट हवी म्हणून जमिनीची पूर्ण मालकी हवीच असं नाही, हे न्यायालयाने मान्य केलं.

पुढच्याच वर्षी, 2002 मध्ये, याच बँडने आपली वाइनरी सुरू केली. नाव ‘इन्कमीप सेलर्स’. मूलनिवासींच्या मालकीची उत्तर अमेरिकेतली पहिली वाइनरी म्हणून ती ओळखली जाते. न्यायालयातली लढाई आणि वाइनरी यांचा थेट संबंध नाही. पण ‘शाश्वत द्राक्षशेती’ची गोष्ट सेंद्रिय खत आणि ठिबकपासून सुरू करायची की सातबाऱ्यापासून, असं मला कुणी विचारलं तर मी सातबाऱ्यापासून म्हणेन. म्हणून कालवा आधी सांगितला.

जमीन आणि तिची माणसं

ओकानागन दरीतले मूळ रहिवासी स्वतःला सील्ख म्हणवतात. त्यांचा मुलूख आजच्या आंतरराष्ट्रीय सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरला होता. सीमारेषा आखताना त्यांना कुणी विचारलं नाही. इन्कमीप या शब्दाचा अर्थ ओढा सरोवराला मिळतो तिथली खालची सपाट जमीन. आपल्याकडे अशा जागेला ‘मळई’ म्हणतील तशी.

सील्खांच्या सर्वांत महत्त्वाच्या पारंपरिक कथांपैकी एक आहे चार अन्नप्रमुखांची. माणूस जन्माला यायचा आहे, आणि तो तर स्वतःचं पोट भरू शकणार नाही. त्याचं काय करायचं? काळं अस्वल, सॅमन मासा, बिटररूट हे कंद आणि सॅस्कटून बेरी असे चौघे प्रमुख बसून विचार करतात. अस्वल चौघांत वडील. ते म्हणतं, मी माझा देह देतो. मग बाकीचे पुढे येतात. जमिनीवरचे प्राणी, पाण्यातलं जीवन, मातीखालचं अन्न आणि झाडावरचं अन्न अशा चार बाजू या कथेत आहेत, आणि निर्णय करताना चारही बाजू ऐकायच्या अशी रीत तिच्यातून आली. सील्ख लेखिका जेनेट आर्मस्ट्राँग यांनी ही विचारपद्धत जगापुढे मांडण्यासाठी मोठं काम केलं आहे. मी ही कथा इथे आणली त्याला कारण आहे. पुढे झुडपं, साप, मासे असा जो विषय येतो, तो या लोकांच्या दृष्टीने ‘पर्यावरण’ नावाच्या वेगळ्या खात्यातला नाही. कथेतले प्रमुखच ते.

ओसोयूसची राखीव जमीन 1877 मध्ये आखली गेली. आज ती सुमारे 32,000 एकर आहे आणि समुदायाची माणसं काही शेकड्यांत. आकडा ऐकून ही श्रीमंती वाटेल. पण इथे वर्षाला जेमतेम 300 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आपल्या माणदेशातला माणूसही पावसाचा हा आकडा ऐकून सुस्कारा टाकेल. उतार खडकाळ, खाली वाळू. सरोवरकाठच्या चांगल्या जमिनींवर गोऱ्या वसाहतवाल्यांनी आधीच नजर ठेवलेली. समुदायातली माणसं पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांच्या फळबागांत मजुरीला जात, सीमा ओलांडून अमेरिकेतसुद्धा.

द्राक्ष का, आणि कुणाच्या अटीवर

इथे द्राक्षाची मोठी लागवड सुरू झाली 1968 मध्ये, ‘इन्कमीप व्हिनयार्ड्स’ या नावाने. म्हणजे वाइनरीच्या चौतीस वर्षं आधी. एवढा काळ समुदाय फक्त द्राक्षं पिकवून दुसऱ्यांच्या वाइनऱ्यांना विकत होता. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला यातलं दुखणं लगेच कळेल: मालाला भाव देणारा वेगळा आणि बाटलीवर नाव लावणारा वेगळा.

वाळू ही इथली कमतरता होती तशी ताकदही ठरली. वाळूत मुळांना पोखरणारी फायलोक्सेरा कीड फोफावत नाही. अक्षांश 49 च्या आसपास, त्यामुळे उन्हाळ्यात दिवस फार लांब, रात्र थंड. फळात साखर भरते आणि आंबटपणाही टिकतो. पाणी मात्र प्रत्येक थेंब बाहेरून द्यावं लागतं. पूर्वी तुषार सिंचन होतं, हळूहळू ठिबक आलं.

क्लॅरन्स लुई 1984 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी बँडचे प्रमुख निवडून आले, आणि पुढची अनेक दशकं लोकांनी त्यांना परत परत निवडलं. 1988 मध्ये समुदायाची स्वतःची विकास कंपनी निघाली. लुईंचं म्हणणं सरळ होतं: सरकारी अनुदानावर जगणाऱ्याला संस्कृती जपता येत नाही, आधी कमाई हवी. वाइनरी उभी करताना व्हिन्कॉर या मोठ्या कंपनीशी भागीदारी झाली, पण 51 टक्के हिस्सा बँडने स्वतःकडे ठेवला. पुढे व्हिन्कॉर एका अमेरिकी कंपनीने घेतली, मग कॅनडातला धंदा पुन्हा विकला गेला. भागीदाराच्या बाजूची नावं बदलत राहिली. 51 टक्के जागच्या जागी राहिले. कराराचा हा एक आकडा मला साऱ्या प्रकरणातली सर्वांत दूरदृष्टीची गोष्ट वाटते.

जमिनीचंही तसंच. राखीव जमीन विकता येत नाही. कायदेशीर मालकी सरकारकडे, उपभोग समुदायाचा. फार तर ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देता येते, आणि त्यालाही समुदायाची संमती लागते. बँडने आपली बरीच जमीन अशी मोठ्या वाइन कंपन्यांना पट्ट्याने दिली आहे. मुदत संपली की जमीन परत. महाराष्ट्रात जमीन महसूल संहितेचं कलम 36अ आदिवासींची जमीन बिगरआदिवासीकडे जाऊ नये म्हणून आहे. दिंडोरी, पेठ, सुरगाण्याकडे कोकणा, महादेव कोळी, वारली कुटुंबांच्या जमिनी राहिल्या त्यात त्या कलमाचा वाटा आहे. पण आपल्या कायद्याने वैयक्तिक खातेदाराला कवच दिलं. ओसोयूसमध्ये पट्ट्याचा निर्णय सामुदायिक आहे आणि भाडं समुदायाच्या तिजोरीत येतं. एकटा खातेदार कंपनीच्या वकिलासमोर बसतो तेव्हा काय होतं ते आपण पाहतो. तिथे समोर अख्खा गाव बसतो, त्याचा वकील घेऊन.

एक प्रश्न मराठी वाचकाच्या मनात येणारच: आदिवासी समुदाय आणि दारूचा धंदा? कॅनडाच्या इंडियन ॲक्टने मूलनिवासींना दारू विकण्यावर कित्येक दशकं बंदी घातली होती, आणि दारूने या समुदायांचं केलेलं नुकसान खरं आहे. म्हणून वाइनरीचा निर्णय हलका नव्हता. मला त्यात एक गोष्ट जाणवते: ज्या वस्तूवरून त्यांना अज्ञानी ठरवलं गेलं, तिच्या निर्मितीतलं कसब त्यांनी हातात घेतलं. जस्टिन हॉल हा समुदायातलाच तरुण सेलरमधला मदतनीस म्हणून लागला आणि शिकत शिकत वाइनमेकर झाला. तरीही या प्रश्नाचं पूर्ण समाधान वाइनच्या पदकांनी होत नाही, हेही खरं.

झुडूप, फुलपाखरू आणि साप

आता या प्रकरणाचा अवघड भाग.

दक्षिण ओकानागनच्या वाळूवर अँटिलोप ब्रश नावाचं झुडूप वाढतं. छातीएवढी उंची, काटक फांद्या, वसंतात बारीक पिवळी फुलं. उपयोग काय, असं विचारणाऱ्याला दाखवण्यासारखं त्यात काही नाही. आपल्या माळरानांचं झालं तेच त्याचं झालं: ‘पडीक’ म्हणून नोंद. हा अधिवास कॅनडात फक्त या दरीच्या दक्षिण टोकाला आहे आणि त्याचा निम्म्याहून कितीतरी जास्त भाग नाहीसा झालेला आहे. सुरुवातीला फळबागा आणि घरं ही कारणं होती. 1990 नंतर मोठं कारण झालं द्राक्षबागा. द्राक्षाला हवी तीच वाळू, तोच उतार आणि तेच ऊन या झुडपालाही लागतं.

या झुडपावर एक फुलपाखरू अवलंबून आहे, बेहर्स हेअरस्ट्रीक. मादी अंडी अँटिलोप ब्रशवरच घालते, अळ्या त्याचीच पानं खातात. वर्षातून एकच पिढी, आणि उड्डाण फार लांबचं नाही. झुडपांचे दोन तुकडे मध्ये द्राक्षाच्या रांगा येऊन तुटले, तर फुलपाखरासाठी तो समुद्रच. कॅनडाच्या यादीत ते आता संकटग्रस्त आहे.

तेव्हा ‘मूलनिवासींची वाइनरी म्हणजे निसर्गाशी सुसंवाद’ असं सोपं चित्र काढता येत नाही. इन्कमीपच्या बागाही वाळूवरच आहेत, आणि तिथेही पूर्वी झुडपं होती. शिवाय बँडच्या जमिनीवर गोल्फ मैदान आहे, 2016 मध्ये सुरू झालेला मोटार शर्यतींचा ट्रॅक आहे, 2017 मध्ये उघडलेला प्रांताचा तुरुंगही आहे. बाहेरचे पर्यावरणवादी याकडे बोट दाखवतात. त्यांचं निरीक्षण चुकीचं नाही. पण मला त्याच वेळी हेही दिसतं की दरीत उरलेल्या अँटिलोप ब्रशचे मोठे सलग पट्टे याच राखीव जमिनीवर आहेत. शेजारच्या खासगी जमिनी आधीच नांगरल्या गेल्या. ज्याच्याकडे शिल्लक आहे त्यालाच ‘आता तू थांब’ म्हणून सांगायचं, हा न्याय आपल्या सह्याद्रीतल्या गावांनाही ओळखीचा आहे.

बँडने या शिल्लक पट्ट्याचं काय केलं? 2006 मध्ये तिथे इन्कमीप वाळवंट सांस्कृतिक केंद्र उघडलं. टेकडीच्या उतारात अर्धी गाडलेली इमारत, छतावर रानातलीच झाडं. पुढची भिंत स्थानिक माती थरावर थर ठोकून उभारलेली: 80 मीटर लांब, साडेपाच मीटर उंच, 60 सेंटिमीटर जाड. अशा प्रकारची उत्तर अमेरिकेतली सर्वांत मोठी भिंत म्हणून तिचं नाव झालं. रंगीत थर पाहिले की नदीकाठची दरड कापून उभी केली आहे असं वाटतं. सील्खांची हिवाळ्यातली घरं जमिनीत अर्धी खोदलेली असत, तीच युक्ती इथे: उन्हाळ्यात गारवा, हिवाळ्यात ऊब. वाइनरीत आलेला पर्यटक पायी तिथे पोहोचतो, आणि वाइनबरोबर रानाचीही ओळख करून घेतो.

याच जागी सापांचं काम सुरू झालं. वेस्टर्न रॅटलस्नेक हा विषारी साप कॅनडात धोक्यात असलेल्या जातींत आहे. त्याचं वेळापत्रक ठरलेलं: हिवाळाभर खडकांच्या कपारीत अनेक साप एकत्र झोपतात, वसंतात उंदरांच्या शोधात खाली उतरतात, शरदात त्याच कपारीकडे परततात. खाली म्हणजे नेमकं कुठे? द्राक्षबागेत, तंबूंच्या मैदानात, रस्त्यावर. मादी सात-आठ वर्षांची होईपर्यंत पिल्लं देत नाही आणि नंतरही दरवर्षी देत नाही. त्यामुळे एक मादी गाडीखाली आली तरी कपारीचा हिशेब बिघडतो. आपल्याकडे बांधावर घोणस दिसली की काठी आधी उचलली जाते. तिथेही तेच होतं.

2002 च्या सुमारास बँडने कॅनडाच्या वन्यजीव सेवेबरोबर संशोधन सुरू केलं. पुढे थॉम्पसन रिव्हर्स विद्यापीठाचे संशोधकही आले. साप पकडून मोजायचे, त्वचेखाली ओळखीची चिप घालायची, काहींच्या शरीरात रेडिओ प्रेषक बसवून त्यांचा माग काढायचा. बागेत किंवा तंबूंजवळ साप दिसला तर मारायचा नाही, माहितगार माणसाला बोलवायचं, आणि त्याने तो जवळच सोडायचा. जवळच, हे महत्त्वाचं. लांब नेऊन सोडलेला साप एक तर परत यायला निघतो आणि वाटेत मरतो, किंवा अनोळखी जागी हिवाळ्याची कपार सापडत नाही म्हणून मरतो. वर्दळीच्या जागांभोवती बारीक जाळीची, तळाशी मातीत पुरलेली कुंपणं घातली गेली.

याचा निकाल काय लागला? 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की माणसांची वर्दळ असलेल्या भागातही साप टिकून होते, पण त्यांचं वजन आणि अंगातला चरबीचा साठा शांत भागातल्या सापांपेक्षा कमी होता. म्हणजे मोजणीत साप दिसतात, पण ते हडकुळे आहेत. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, आणि तो या जमिनीवर निघू दिला गेला हे त्याहून मोलाचं. ‘आमच्याकडे साप सुरक्षित आहेत’ असं फलकावर लिहून थांबणं सोपं होतं. बँडने वर्षानुवर्षं संशोधकांना दारं उघडी ठेवली, समुदायातल्या तरुणांना त्यांच्याबरोबर कामाला लावलं, आणि स्वतःच्या धंद्याला गैरसोयीची ठरणारी माहितीही बाहेर येऊ दिली.

पुन्हा कालव्याकडे, पण या वेळी माशांसाठी

ऑलिव्हरच्या कालव्याला पाणी मिळतं ते गावाच्या उत्तरेच्या मॅकिंटायर बंधाऱ्यातून. या बंधाऱ्याने शेतं भिजवली आणि सॅमनची वाट अडवली. समुद्रातून निघालेला सॉकाय सॅमन कोलंबिया नदीवरची नऊ मोठी धरणं ओलांडून ओकानागन नदीत येतो, आणि शेवटी या लहानशा बंधाऱ्याशी अडकायचा. 1950 च्या दशकात पूरनियंत्रणासाठी नदीही सरळ केली गेली, तिची वळणं गेली आणि मासे अंडी घालतात त्या उथळ, खडीच्या जागाही गेल्या. अन्नप्रमुखांपैकी एकाला घरी यायलाच बंदी.

हे काम एकट्या ओसोयूसचं नाही. ओकानागन नेशन अलायन्स या सील्ख समुदायांच्या संघटनेने ते उचललं, सीमेपलीकडच्या वीज कंपन्या आणि दोन्ही बाजूंची सरकारं सोबत घेतली. 2004 पासून स्काहा सरोवरात सॅमनची पिल्लं सोडायला सुरुवात झाली. 2009 मध्ये मॅकिंटायर बंधाऱ्याची दारं बदलली: पूर्वी पाणी दाराखालून सुटायचं, आता ते वरून सांडतं आणि मासा उडी मारून पार होतो. कालव्याचं पाणीही तसंच चालू राहिलं. त्याच सुमारास ऑलिव्हरजवळ नदीला एक जुनं वळण परत दिलं गेलं. 2014 मध्ये पेन्टिक्टनला समुदायाचं मत्स्यबीज केंद्र उभं राहिलं. 1990 च्या दशकात काही वर्षी जेमतेम काही हजार मासे परतत होते. अलीकडच्या चांगल्या वर्षांत ही संख्या लाखांत गेली आहे.

द्राक्षाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की उन्हाळ्यात नदीत किती पाणी ठेवायचं, याच्या हिशेबात आता बागायतदाराबरोबर मासाही धरला जातो. आपल्याकडे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत गोदावरीतल्या माशाची बाजू कोण मांडतं, हा विचार मला हे वाचताना सतत येत राहिला.

आग आणि गोठण

जुलै 2021 मध्ये इन्कमीप ओढ्याजवळ लागलेली आग ऑलिव्हर आणि ओसोयूसच्या मधल्या डोंगरांत पसरली आणि सुमारे 20,000 हेक्टर जळून गेली. सील्ख लोक पूर्वी ठरावीक काळी थंड, छोट्या आगी लावून रानातलं वाळलेलं गवत आणि पालापाचोळा कमी ठेवत. सरकारने ती पद्धत बंद पाडली आणि शंभर वर्षांचं सरपण साचलं. आता त्या जुन्या जाळण्याच्या रीतीला वनखातंही पुन्हा मानू लागलं आहे.

जानेवारी 2024 मध्ये त्याच्या उलट घडलं. उबदार डिसेंबरनंतर तापमान अचानक उणे वीसच्याही खाली गेलं आणि वेलींचे डोळे, म्हणजे नव्या फुटीचे कोंब, गोठून जळाले. प्रांतातल्या वाइन उद्योगाने त्या हंगामाचं जवळजवळ सगळं पीक, 97 ते 99 टक्के, गेल्याचा अंदाज दिला. वाइनऱ्या चालू राहाव्यात म्हणून बाहेरून द्राक्षं आणायला परवानगी द्यावी लागली. गारपिटीने बाग झोडपलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते दुःख समजावून सांगायची गरज नाही.

अशा वेळी वेली उपटून नव्या लावायच्या तर पुन्हा पंचवीस-तीस वर्षांचा निर्णय घ्यावा लागतो: कोणती जात, कोणत्या उतारावर, किती पाण्यावर, आणि कोणता तुकडा अँटिलोप ब्रशसाठी मोकळा सोडायचा. पट्टेदार कंपनी हा हिशेब आपल्या ताळेबंदात करील. जमिनीचा हिशेब मात्र बँडच्या सभेत होईल, कारण पट्टा संपल्यावर ती जमीन त्यांच्याकडेच येणार आहे. आणि दर शरदात, द्राक्षतोडणी उरकत असताना, रॅटलस्नेक बागेच्या कडेच्या जाळीला वळसा घालून आपापल्या कपारीकडे निघतात. वाटेत संशोधक त्यांना थांबवून वजन करतात, वहीत आकडा लिहितात आणि सोडून देतात.